ट्रंकेतला फोटो वाचनालयात पोचेपर्यंत

सोलापुरातल्या आमच्या वाचनालयात जुने घरगुती फोटो आणि ठेवणीतल्या वस्तू दाखल करून घ्यायचं काम मी करतो. पगारी नाही, निवृत्तीनंतरचं आहे. लोक येतात ते बहुधा दोनच वेळी. एक, वाडा बिल्डरला गेला आणि माळा रिकामा करायचा आहे म्हणून. दुसरं, घरातलं म्हातारं माणूस गेलं आणि त्याची ट्रंक उघडली म्हणून. दुसऱ्या वेळी मला फार चुटपुट लागते. फोटो समोर असतो, चेहरे स्वच्छ दिसत असतात आणि ते ओळखणारा एकुलता एक माणूस पंधरा दिवसांपूर्वी गेलेला असतो.

म्हणून घरचे फोटो जपून वाचनालयात कसे द्यायचे, त्याचा इथला क्रम जरा उलटा वाटेल. स्कॅनर, डबे, पाकिटं हे सगळं नंतर. फोटो शंभर वर्षं टिकलाय, आणखी चार महिने टिकेल. आत्याचं वय अठ्ठ्याऐंशी आहे.

आधी नावं

फोटोची साधी झेरॉक्स किंवा मोबाईलवरून काढलेली मोठी प्रत घ्या. मूळ फोटो म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्यायचाच, त्याशिवाय आठवण चाळवत नाही, पण आकडे घालायचे ते झेरॉक्सवर. प्रत्येक डोक्यावर एक आकडा. मागची रांग आधी, डावीकडून उजवीकडे. डावं म्हणजे बघणाऱ्याचं डावं, हे एकदा कागदावर लिहून ठेवा, नाहीतर पुढे निम्मं घर उलटं वाचतं.

मोबाईलचं रेकॉर्डिंग सांगून सुरू करा. आणि "हे कोण?" असं विचारत सुटू नका. परीक्षेला बसवल्यासारखं होतं, माणूस गप्प होतो. आमच्या आत्यापुढे मी गिरणीच्या फाटकासमोर काढलेला अकरा जणांचा फोटो ठेवला तेव्हा हेच झालं.

"हा पाच नंबरचा कोण गं, आत्या?"

"मला काय ठाऊक बाबा. किती वर्षं झाली."

मग मी विचारलं, फोटो काढला त्या दिवशी काय होतं? त्यावर ती बराच वेळ फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली. म्हणाली, "पगार झालेला असणार. बघ की, सगळ्यांनी धुतलेली धोतरं नेसलीत. अन् हा टोपी तिरकी घालणारा, हा जॉबर, गिरणीतला मुकादम. पगाराच्या दिवशी चाळीतल्या पोरांना चिरमुरे वाटायचा." तिथून पुढे पाऊण तास ती थांबलीच नाही. कोण कुठल्या पाळीला होतं, भोंगा झाला की कोण धावत सुटायचं, साचेखात्यातून, म्हणजे विणकामाच्या खात्यातून घरी आलेल्या माणसाच्या केसांत कापूस कसा अडकलेला असायचा. अकरापैकी आठ नावं मिळाली. पाच नंबर मात्र शेवटपर्यंत तिला आठवला नाही.

तेव्हा विचारायचं ते कपड्यांबद्दल, प्रसंगाबद्दल, फोटो कुणी काढला आणि पैसे कुणी दिले याबद्दल. नावं आपोआप येतात. एका बैठकीला वीसच्या वर फोटो घेऊ नका. म्हातारी माणसं दमली की "होय होय, तोच" म्हणायला लागतात आणि ते "होय" खरं नसतं. शंका असली तर दुसऱ्या नातेवाइकाला वेगळं बसवून तोच फोटो दाखवा. दोघं एकत्र बसले की जो मोठ्यानं बोलतो त्याचं खरं ठरतं.

बायकांच्या नावांकडे वेगळं लक्ष लागतं. जुन्या फोटोंच्या मागे पुरुषांची नावं आडनावासकट असतात आणि बायकांपुढे नुसतं "सौ." किंवा "मंडळी". आपल्याकडे लग्नात नावही बदलायचे, त्यामुळे एकाच बाईची तीन नावं निघतात: माहेरचं, सासरचं आणि घरात हाक मारायचं. तिन्ही लिहा. माहेरचं गाव आणि आडनावही. अक्का, मावशी, नानी असं नातं लिहिलंत तर ती नेमकी कुणाची अक्का तेही लिहा. तुमच्या नातवाला "अक्का" एवढ्यावरून काहीच कळणार नाही.

आणि हे सोलापूर आहे. फोटोच्या मागे मजकूर मराठीत असेलच असं नाही. शहराच्या पूर्व भागातल्या घरांतून तेलुगू, अक्कलकोटकडच्या मंडळींकडून कन्नड, कुठे उर्दू, आणि फार जुनं असेल तर मोडी. वाचता येत नाही म्हणून तो मजकूर सोडून देऊ नका. मागच्या बाजूचाही फोटो काढा आणि शेजारच्या आजोबांना दाखवा. माझ्याकडे आलेल्या एका फोटोमागचं तेलुगू वाचल्यावर कळलं, की घरात ज्याला थोरले काका समजत होते तो माणूस भाडेकरू होता.

साल कसं काढायचं

मागे "शके" लिहिलेलं असेल तर सोपं. त्यात ७८ मिळवा. शके १८७१ म्हणजे १९४९. पण पौष-माघ-फाल्गुनातली तारीख बहुधा पुढच्या इंग्रजी सालात जाते, तेव्हा ७९ मिळवावे लागतात.

काहीच लिहिलेलं नसेल तर बारीक खुणा शोधायच्या. मला यातच जास्त मजा येते. स्टुडिओच्या शिक्क्यात सहा आकडी पिन कोड आहे? मग फोटो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिन कोड त्या दिवशी सुरू झाला. सोबत स्टुडिओची पावती असेल आणि रक्कम आण्यांत असेल, तर बहुतेक १ एप्रिल १९५७ च्या आधीची. त्या दिवसापासून नवे पैसे आले. जुने आणे काही काळ चालत राहिले, म्हणून "बहुतेक". भिंतीवर कालनिर्णय लटकतंय? १९७३ च्या आधीचा फोटो असूच शकत नाही. पाटीवर "महानगरपालिका" आहे की "म्युनिसिपालिटी"? सोलापूरची महानगरपालिका १९६४ मध्ये झाली. रेल्वेतल्या आजोबांच्या कागदावर "जी.आय.पी." (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) असेल तर तो कागद साधारण १९५१ च्या आधीचा, पुढे मध्य रेल्वे झाली.

कागदही बोलतो. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, सोनेरी किंवा दाबून उमटवलेल्या अक्षरांत स्टुडिओचं नाव असलेला, पिवळसर तपकिरी झालेला फोटो साधारण पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे, किंवा त्याहून जुना. कडा करवतीसारख्या कातरलेल्या असतील तर अंदाजे १९३० ते ६० मधला. लहानसा चौकोनी, अडीच इंच बाय अडीच इंच, काळा-पांढरा असेल तर घरातल्या कुणाकडे तरी क्लिक थ्री कॅमेरा होता असं समजा. त्या निगेटिव्हवरून तेवढ्याच आकाराची प्रत काढत. मागे "इंदू" छापलं असेल तर कागद उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा. कागदाची पाठ गुळगुळीत, प्लॅस्टिकसारखी लागत असेल तर साधारण १९७० नंतरचा.

इथे एक सावधगिरी. सोलापुरात दर तिसऱ्या घरात "हा मार्शल लॉच्या वेळचा" असा एक फोटो निघतो. मे १९३० मध्ये इंग्रज सरकारनं शहरात लावलेला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. या गोष्टी इथल्या घराघरांत इतक्या खोल गेल्यात, की गांधी टोपीतली कुठलीही गर्दी लोकांना १९३० ची वाटते. मी अशा वेळी वाद घालत नाही. नोंदीत "कुटुंबाच्या सांगण्याप्रमाणे" असे शब्द घालतो आणि फोटोत दिसणाऱ्या खुणा खाली वेगळ्या लिहितो. एकदा अशाच फोटोत मागे नव्या पैशांतला भाव लिहिलेली दुकानाची पाटी निघाली. घरच्यांना वाईट वाटलं खरं, पण तो १९६० च्या सुमाराचा मोर्चा होता आणि मला तोही हवाच होता.

तुम्हीही तसंच करा. लिहिलेलं, सांगितलेलं आणि तुमचा अंदाज या तिन्ही गोष्टी वेगळ्या दिसू द्या. अंदाजे साल असेल तर "सुमारे" लिहायला लाजू नका.

हात लावण्याआधी

रिकामं टेबल, त्यावर धुतलेलं पांढरं कापड, पंखा बंद. चहाचा कप दुसऱ्या खोलीत. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे. फोटो कडेला धरायचा, पृष्ठभागावर बोट नाही. निगेटिव्हसाठी औषधाच्या दुकानात मिळणारे निळे नायट्राइलचे हातमोजे घाला. सुती मोज्यांनी पकड सुटते आणि दोरा कोपऱ्यात अडकतो, मी ते वापरत नाही.

ट्रंक उघडल्यावर पहिली गोष्ट म्हणजे आहे त्या क्रमानं मोबाईलवर फोटो काढणं. अल्बम असेल तर पान न् पान. लग्नाचे इकडे, बारशाचे तिकडे असं लावायचा मोह होतो, तो आवरा. कुणीतरी एकत्र ठेवलंय त्यामागे बहुधा कारण असतं, आणि शेजारच्या फोटोवरून अनोळखी फोटोचं साल निघतं.

धूळ मऊ, रुंद, कोऱ्या ब्रशनं मधून कडेकडे झटकायची. बस, एवढंच. पाणी नाही, थुंकी नाही, स्पिरिट नाही, खोडरबर नाही. टाचण्या, स्टेपलच्या पिना, रबर बँड काढून टाका. गंजलेली पिन ओढायची नाही, मागून तिचे पाय सरळ करून अलगद सोडवायची. सेलोटेप वाळून सुटली असेल तर उचला. चिकटलेली असेल तर तशीच राहू द्या. फाटलेला फोटो नवीन सेलोटेपनं जोडू नका. दोन्ही तुकडे एकाच पाकिटात घाला.

फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो हा नेहमीचा प्रकार. ओल शिरते, फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होतो आणि काचेला घट्ट बसतो. ओढलात तर चेहरा काचेवर राहतो आणि कोरा कागद हातात येतो. काचेसकट स्कॅन करा आणि काचेसकटच ठेवा.

१९८०-९० च्या दशकातले ते चिकट पानांचे अल्बम, वर प्लॅस्टिकचा कागद ओढायचा, ते फोटोंचे वैरी आहेत. डिंक पिवळा पडतो आणि फोटोच्या पाठीत उतरतो. सहज निघत असतील तर फोटो काढून घ्या. कोपरा उचलत नसेल तर न मेणवलेला दातांचा दोरा (डेंटल फ्लॉस) फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा पुढेमागे नेऊन पाहा. तरीही जमलं नाही तर प्लॅस्टिक उलटवून पान आहे तसं स्कॅन करा.

आणि लॅमिनेशन. हे मी स्वतः केलंय. आजोबांचा एकुलता एक उभा फोटो, कोट, हातात काठी. "कायमचा टिकेल" म्हणून एका दुकानात दिला आणि गरम रोलरमधून तो बुडबुड्यांसकट बाहेर आला. काठीच्या मुठीवरचा बुडबुडा अजून तसाच आहे. लॅमिनेशन परत निघत नाही. ओळखपत्राला करा, फोटोला नको.

मागे लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिल, टूबी किंवा फोरबी, फोटो काचेवर पालथा ठेवून, कडेला, न दाबता. बॉलपेन पुढून उठतं आणि शाई उतरते. प्लॅस्टिकसारख्या पाठीवर पेन्सिल उमटत नाही. अशा वेळी पाकिटावर लिहा, आणि फोटो आत घालण्याआधी लिहा.

निगेटिव्ह नाकानं तपासा

ट्रंकेच्या तळाशी पाकिटात निगेटिव्ह असतात आणि लोक त्या टाकून देतात. टाकू नका. बऱ्याचदा प्रत खराब असते आणि निगेटिव्ह ठणठणीत.

डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती ॲसिटेट फिल्म आहे आणि कुजायला लागली आहे. हा रोग शेजारच्या निगेटिव्हलाही लागतो. लगेच वेगळी करा, कागदी पाकिटात घाला, हवा खेळेल अशा थंड जागी ठेवा आणि सगळ्यात आधी स्कॅन करा. फिल्म पिवळीतपकिरी, चिकट झाली असेल आणि वास झोंबणारा असेल, तर ती नायट्रेट असू शकते. साधारण १९५० पर्यंत अशी फिल्म निघत होती. ती भयंकर पेट घेते, आणि पेटल्यावर पाण्यानंही सहज विझत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या लोखंडी ट्रंकेत तिला ठेवणं म्हणजे खरोखर जिवाशी खेळ. घरात स्कॅन करत बसू नका. घट्ट डब्यात कोंडू नका, उन्हापासून, गॅसपासून दूर ठेवा आणि वस्तुसंग्रहालयातल्या जाणकार माणसाला लवकरात लवकर विचारा.

काचेच्या निगेटिव्ह निघाल्या तर प्रत्येक काच स्वतंत्र कागदात गुंडाळून, लांब कडेवर उभी ठेवायची. आडव्या थप्पीत खालच्या काचा वरच्यांच्या वजनानं तडकतात.

ऊन, पाऊस, कसर, वाळवी

पुस्तकात लिहिलेलं असतं: तापमान १८ ते २१ अंश, आर्द्रता ३० ते ५० टक्के. आपल्याकडे एप्रिल-मेत पारा ४२ च्या वर जातो. तेव्हा पुस्तकाचं निम्मं तरी कसं पाळायचं, ते सांगतो.

माळा नको. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खाली सोडतो. पश्चिमेची भिंत नको, न्हाणीघराला लागून असलेली भिंत नको, जमिनीवर नको. घराच्या मधल्या खोलीतलं कपाट, मधला कप्पा, भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलेलं. उष्णतेपेक्षा उष्णतेची चढउतार वाईट. दिवसा एसी आणि रात्री बंद, अशा खोलीपेक्षा सतत कोमट राहणारी मधली खोली बरी.

फोटो जाड पुठ्ठ्याच्या स्वच्छ खोक्यात, प्रत्येक फोटो वेगळ्या पाकिटात. पाकीट शक्यतो आम्लमुक्त कागदाचं. प्लॅस्टिक वापरायचं तर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रोपिलीन. पीव्हीसी नको. नव्या रेनकोटसारखा वास येतो ते पीव्हीसी, त्यातून सुटणारी वाफ फोटो खाते. वर्तमानपत्रात फोटो गुंडाळणं बंद. तो कागद आम्लाचा आहे आणि स्वतः पिवळा पडताना शेजाऱ्यालाही पाडतो. वर्तमानपत्रातली कात्रणंही त्यामुळेच फोटोंपासून वेगळी ठेवायची.

डांबराच्या गोळ्या फोटोंच्या खोक्यात घालू नका. पोथ्यांना बांधतात तशी वेखंडाची पुरचुंडी कपाटात, खोक्याबाहेर ठेवायला हरकत नाही. जिलेटिन आणि खळ ही कसरीची मेजवानी असते. तिच्यावर खरा उपाय एकच, दर दोन महिन्यांनी खोकं उघडून बघणं. वाळवीसाठी कपाटाच्या मागची भिंत बॅटरी मारून तपासा, मातीची बारीक रेघ चढलेली दिसली की त्याच दिवशी सगळं हलवा.

आपल्याकडे पाऊस कमी असला तरी सर्वांत जास्त पडतो तो सप्टेंबरात, आणि तेव्हाच बुरशी धरते. जूनपासून खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, निळ्याचा गुलाबी रंग झाला की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरा. त्या तव्यावर पुन्हा भाकरी नको, त्यासाठी जुना तवा ठेवा.

टाकी फुटली, फोटो भिजले, असा फोन मला वर्षातून एकदा तरी येतो. एकमेकांना चिकटलेले ओले फोटो सुकू देऊ नका, त्यांची वीट होते. स्वच्छ थंड पाण्यात अलगद सुटे करा आणि चेहरा वर करून पांढऱ्या कापडावर सावलीत वाळत घाला. उन्हात नाही, इस्त्री तर नाहीच. दोन दिवसांत होणार नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका, मग सवडीनं थोडे थोडे बाहेर काढा. काचेच्या निगेटिव्ह मात्र फ्रीझरमध्ये घालायच्या नाहीत.

स्कॅन

सपाट काचेचा साधा स्कॅनर पुरतो. कागद आत ओढून घेणारा नको, तो जुने फोटो दुमडतो. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय (म्हणजे इंचाला तेवढे ठिपके), त्याहून लहान असेल तर १२००, छोट्या निगेटिव्हला ३००० च्या आसपास. काळा-पांढरा फोटोही रंगीतमध्येच स्कॅन करा. कागदाचा पिवळेपणा, शाईचा रंग, पुसट पेन्सिल ही सगळी माहितीच आहे. दोन्ही बाजू. पुठ्ठ्याची कडही आली पाहिजे, स्टुडिओचं नाव तिथेच असतं.

मूळ फाईल टिफमध्ये ठेवा, त्यात चित्राचा तपशील गाळला जात नाही. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० वर घेतला तर साधारण २६ एमबी होतो. एवढी मोठी कशाला, म्हणून लोक थेट जेपेग करतात. आधी टिफ, मग त्यावरून वाटायला जेपेग. चेहरा गुळगुळीत करणं, रंग भरणं, हे हल्ली मोबाईलवर एका मिनिटात होतं. करायचं तर प्रतीवर करा, नावात "रंगवलेली प्रत" लिहा. नऊवारीचा रंग यंत्रानं मनानं भरलेला असतो आणि वीस वर्षांनी तोच खरा ठरतो.

स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या उजेडात फोटो टेबलावर ठेवा, मोबाईल बरोबर वरून धरा, फ्लॅश बंद. काही नसण्यापेक्षा हे पुष्कळ.

फाईलला नाव देताना "आजोबा१", "आजोबा२ नवीन" असलं काही नको. साल, पेटीचा क्रमांक, फोटोचा क्रमांक: २०२५-०२-०१४. तोच आकडा फोटोच्या पाकिटावर आणि तोच वहीत. वहीत एका ओळीत कोण, कुठे, कधी, कुणी सांगितलं, कोणत्या तारखेला सांगितलं. ही वही कागदाचीच ठेवा, वर एक्सेल करायचं तर करा.

घराच्या ग्रुपवर टाकलेला फोटो म्हणजे जतन केलेला फोटो नव्हे. व्हॉट्सॲप फोटो दाबून बारीक करतं. पूर्ण फाईल पाठवायची तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. तीन प्रती: एक संगणकावर, एक हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावात किंवा क्लाउडवर. पुण्यात भाचा असतोच.

फोटोसोबतच्या वस्तू

पत्रं उघडून सपाट ठेवा, पाकीट आणि तिकीट फेकू नका, पोस्टाच्या शिक्क्यावर तारीख असते. जन्मपत्रिकेची जुनी गुंडाळी कडक झाली असेल तर जबरदस्तीनं उलगडू नका.

आजीची इरकल किंवा पैठणी वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिली की घडीतच चिरते. धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीत गुंडाळा, शक्य तर नळीवर गुंडाळा, नाहीतर दर सहा महिन्यांनी घडी बदला. प्लॅस्टिकच्या पिशवीत साडीची जर काळी पडते. घरच्या मागावर विणलेली जुनी चादर असेल तर तिलाही हेच. सोलापुरात चादरीला कुणी ठेव मानत नाही, तिचं पायपुसणं होतं आणि संपते. माझ्या मते इथल्या संग्रहात दागिन्याआधी ती आली पाहिजे.

मागाचा धोटा, मागाची फणी, गिरणीचा पितळी बिल्ला, पास, पगाराची चिठ्ठी यांना तेल, व्हार्निश, ब्रासो काही लावू नका. बिल्ल्यावरचा आकडा घासून घासून गेला तर माणूसच गेला. धोट्याच्या लाकडाला हात लागून लागून आलेली चमक हीच त्याची नोंद आहे.

घरात हस्तलिखित पोथी असेल आणि मुलगा परदेशात असेल, तर ती आठवण म्हणून त्याच्या बॅगेत घालू नका. ७५ वर्षांहून जुनी, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाची हस्तलिखितं कायद्यानं पुरावस्तूंत मोडतात आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत.

वाचनालयात देताना

सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या संस्था आहेत, विद्यापीठ आहे, पेठापेठांत लहान वाचनालयं आहेत. सगळीकडे फोटो ठेवायची सोय असते असं नाही. पेटी घेऊन थेट दारात जाऊ नका. आधी वहीची झेरॉक्स आणि दहा-बारा फोटोंच्या प्रती दाखवा आणि विचारा: दाखल नोंदवहीत नोंद होणार का, दाखल क्रमांक मिळणार का, कुठल्या खोलीत ठेवणार, वाचकाला बघायला कसं मिळणार, उद्या नको झालं तर परत देणार की रद्दीत जाणार?

हे मी अनुभवावरून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी चुलत्यांचं एक गाठोडं मी एका संस्थेला असंच दिलं. पावती नाही, यादी नाही, चहा मात्र दोनदा झाला. कार्यकारिणी बदलली, कपाटं हलली. आता विचारलं तर कुणाला काही ठाऊक नाही, आणि देण्याआधी मी एकाही फोटोची प्रत काढली नव्हती.

म्हणून दोन प्रतींत दानपत्र. त्यात तीन गोष्टी: मूळ वस्तू कायमची दिली की फक्त स्कॅन करायला दिली, छापायला, प्रदर्शनात किंवा इंटरनेटवर वापरायला परवानगी आहे की नाही, आणि कुणाचं नाव द्यायचं. सोबत तुमच्या वहीची प्रत जोडा. मूळ घरी ठेवून स्कॅन वाचनालयाला देणं हाही चांगला मार्ग आहे, त्यात कमीपणा काही नाही. भावंडांची संमती आधी घ्या. ट्रंक तुमच्या घरी आहे म्हणून ती तुमची होत नाही, हे भांडण मी वाचनालयाच्या टेबलावर पाहिलंय.

हक्काबद्दल थोडं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, फोटो काढून घेणारा गिऱ्हाईकच असतो. म्हणजे घरच्या स्टुडिओ फोटोंना बहुधा अडचण नाही. पण तुमच्या पेटीत दुसऱ्याच छायाचित्रकाराचे, वर्तमानपत्राचे फोटो असतील तर ते वेगळे काढून सांगा. मुदत साधारणपणे छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असते. आणि फोटोतलं माणूस हयात असेल तर त्याला विचारा. नात्यातल्या बाईचा रुसून माहेरी आलेल्या वर्षातला फोटो प्रदर्शनात लागावा असं तिला वाटेलच असं नाही.

सगळं देऊ नका. लग्नात स्टेजवर पाकीट देतानाचे चाळीस फोटो आम्हाला नकोत, एक पुरे. आम्हाला हवं ते दुसरंच: दुकानाची पाटी, चाळीचा जिना, मागावर बसलेला माणूस, गड्ड्यातली, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेतली गर्दी, त्या यात्रेतल्या नंदीध्वजामागून चाललेली पोरं, तलावाकाठी वाळत घातलेले कपडे, पापड लाटणाऱ्या बायका. लोक हे फोटो बाजूला काढतात, कारण त्यात "आपलं कुणी नाही".

पेट्या उघडायला सोलापुरात दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. हवा कोरडी पण कागद तडकेल इतकी तापलेली नसते, आणि परगावची मंडळी घरी असतात. गड्डा उठेपर्यंत नावं आणि वही झाली की संक्रांतीनंतर स्कॅन करायला घ्यायचं. मार्चच्या मध्यावर ऊन चढायच्या आत खोकी कपाटात.

त्या अकरा जणांच्या फोटोला आता दाखल क्रमांक आहे. पाच नंबरपुढे मी पेन्सिलीनं "अनोळखी, डाव्या मनगटावर गोंदण" असं लिहून ठेवलंय, आणि त्या ओळीखाली दोन बोटं जागा सोडली आहे.